लिंबोणीचा पाणीपुरवठा

झाड मारायला कुऱ्हाड लागते, निदान वाळवी तरी लागते, असा माझा समज होता. ते काम प्लास्टिकच्या निळ्या झारीनेही होतं, आणि झाडावर जीव असलेला माणूस ते सगळ्यात चांगलं करतो, हे मला यंदा कळलं. झारी अजून आमच्या घरात आहे. फक्त ती आता माझ्या ताब्यात नाही.

झाड म्हणजे लिंबोणी. सासऱ्यांनी कुंडीत लावलेली. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या दोन बॅगा गाडीच्या डिकीत होत्या आणि ही कुंडी पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसली होती. मी मागे, गादीची गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो होतो. घरातला आमचा अनुक्रम त्या दिवशीच ठरला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिंबोणी बाल्कनीच्या कोपऱ्यात स्थिरावली. तिला फळं बेताची यायची, पण सासूबाईंना फळांचं काही नव्हतं. त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने तिची पानं पुसायच्या आणि पुसताना हळू आवाजात काहीतरी बोलायच्या. ते ऐकू येऊ नये म्हणून आम्ही आत रेडिओ मोठा करायचो.

मग त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरलं. चांगलं हॉस्पिटल मेव्हण्याच्या गावी, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, तेव्हा काही दिवस तिकडेच राहायचं होतं. निघताना त्यांनी सगळ्यांना सोडून मला बाल्कनीत बोलावलं. पोटच्या मुलीला नाही, लाडक्या नातीला नाही, मला.

"जावईबापू, हिला तुमच्यावर सोपवून चाललेय," त्या म्हणाल्या. "बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर हात धुवून आपल्या कामाला लागायचं. तुम्ही तर पाणी खात्यातले, तुम्हाला मी काय सांगणार."

सगळं बिघडलं ते या शेवटच्या वाक्याने. मी पाणीपुरवठा खात्यात आहे हे खरं, पण कुठे, तर तक्रार निवारण कक्षात. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यासमोर एकाच जातीची तक्रार आलेली आहे. पाणी येत नाही, येतं ते कमी येतं, किंवा येतं पण वरच्या मजल्यावर चढत नाही. पाणी फार झालं म्हणून माझ्या टेबलासमोर आजवर एकही माणूस उभा राहिलेला नाही. त्यामुळे एखादा जीव समोर मलूल दिसला की मला एकच आजार सुचतो. आमच्या खात्याची पद्धतही ठरलेली आहे. तक्रार आली की आधी त्या भागातला दाब वाढवायचा आणि कारण मागाहून शोधायचं. कारण सापडेपर्यंत तक्रारदार बहुधा घर बदलून गेलेला असतो.

सुरुवातीला मी पेर घालायचं काम अगदी प्रामाणिकपणे केलं. पण कुंडीतली माती नखात बसते आणि ती कितीही घासली तरी कार्यालयात पोचल्यावर दिसू लागते. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि घरी काही बांधकाम काढलंय का, असं सर्वांदेखत विचारलं. परवानगीशिवाय नळजोड खणतोय की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. माणसाला आपली अब्रू एका पेराहून मोठी वाटणारच. दुसऱ्या दिवसापासून मी माती डोळ्यांनी तपासू लागलो. डोळ्यांना माती नेहमीच कोरडी दिसते.

रोज झारी रिकामी होऊ लागल्यावर कुंडीखालून पाणी ठिबकणार हे ओघानेच आलं. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या चुका तपासल्या असल्यामुळे सगळी इमारत त्यांना ऑडिटर म्हणते. ते बाल्कनीत आरामखुर्ची टाकून पेपर वाचतात. आमचं पाणी त्यांच्या पेपरावर पडलं, आणि पडलं तेही शब्दकोड्यावर. त्यांनी भांडण केलं नाही. तो ओला पेपर त्यांनी वाळवला, ठिपक्यांभोवती लाल वर्तुळं काढली आणि इमारतीच्या सेक्रेटरींना नेऊन दिला. संध्याकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लागली. बाल्कनीतून होणारी गळती संबंधितांनी ताबडतोब बंद करावी, असा मजकूर होता. नाव नव्हतं. त्यामुळे जो तो थांबून ती वाचायचा आणि मग माझ्याकडे पाहायचा.

गळती हा शब्द वाचल्यावर आमच्या खात्यातल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. माझ्या टेबलामागे वर्षानुवर्षं एकच पाटी आहे आणि ती गळतीच्या विरुद्ध आहे. मी कुंडी आडवी केली आणि तिच्या बुडाची सगळी भोकं, पाइपाच्या सांध्याला लावतात त्या पांढऱ्या लेपाने बंद करून टाकली. हा लेप एकदा वाळला की छिन्नीनेही निघत नाही. दुसऱ्या दिवशी झारीभर पाणी घालून मी जमिनीवर पालथा पडून पाहिलं. एक थेंब गळत नव्हता. ऑडिटर मुद्दाम वर येऊन माझा हात हातात घेऊन गेले. पाणी खात्याने एखादी तक्रार इतक्या लवकर सोडवल्याचं आपण आयुष्यात प्रथमच पाहिलं, असं ते म्हणाले. या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो. लिंबोणीही तरंगत होती, पण ते मला माहीत नव्हतं.

माहीत झालं ते बायकोमुळे. चहाचा कप घेऊन ती बाल्कनीत उभी होती आणि तिने अगदी हळू आवाजात, म्हणजे ती घाबरली की बोलते तशी, मला हाक मारली. लिंबोणीची पानं खाली झुकली होती. बुंध्याजवळची दोनचार पिवळी पडली होती. उन्हात फार वेळ रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती दिसत होती, आणि तशी माणसं मी रोज पाहतो. मी तत्परतेने दाब वाढवला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर ठेवून तिघं भोवती बसायचो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, लिंबोणी कशी आहे. आम्ही तिघंही एकदम छान म्हणायचो, आणि मग तिघंही टेबलक्लॉथकडे पाहायचो. बायको गुडघ्याचं विचारू लागली की त्या म्हणायच्या, माझं काय, मी बरी आहे, पानं पुसताय ना. पानं आम्ही पुसत होतो. पुसताना ती हातात येत होती, एवढं सांगायचं राहून जायचं. फोन ठेवल्यावर घरात फार शांत वाटायचं. मी उठून जरा बाल्कनीत जाऊन यायचो.

आता बातमी इमारतभर झालीच होती, तेव्हा सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारच्या वहिनींची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागूनच आहे, मध्ये फक्त जाळी. त्यांचं मत असं, की झाडाने सासूबाईंची आठवण काढून मनाला लावून घेतलं आहे, तेव्हा त्याच्याशी बोलत राहावं आणि बोलता बोलता पाणी घालावं. मी बोलून पाहिलं. परक्या झाडाशी काय बोलायचं हे एकदम सुचत नाही, म्हणून मी कार्यालयातल्या बढतीचा विषय काढला. खालून ऑडिटरनी सगळं ऐकलं आणि माझी तब्येत बरी आहे ना, अशी सेक्रेटरींकडे चौकशी केली. त्यांचा स्वतःचा सल्ला असा, की पाणी किती यापेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं, सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या मिनिटाला. मेव्हण्याच्या घरात गवताची काडीही नाही, पण फोनवरून त्याने निदान केलं की हा उन्हाचा ताण आहे. नर्सरीवाल्याने मी पानाचं वर्णन पुरं करायच्या आत हिरव्या औषधाची बाटली बांधून दिली. ते पाण्यातून द्यायचं होतं. प्रत्येकाचा आजार वेगळा होता, पण उपचाराच्या शेवटी पाणी यायचंच. एवढे सगळे एकमताचे असताना मी एकट्याने वेगळं काय करायचं?

त्यातल्या त्यात एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्याने केली, आणि ती सगळ्यात वाईट निघाली. आमच्या जलाशयाचा गाळ दरवर्षी काढतात. काळाभोर, लोण्यासारखा मऊ. याच्यात काठी रोवली तरी पालवी फुटते अशी खात्यात त्याची ख्याती आहे. मी ओळखीने एक पोतं मिळवलं. सासऱ्यांनी भरलेली जुनी भुसभुशीत माती, जी मला निकस आणि खडबडीत वाटली, ती अर्ध्यावर उकरून काढली आणि तिच्या जागी गाळ भरून मुठीने घट्ट ठोकून बसवला. आता पाणी घातलं की ते खाली जाईचना. कुंडीच्या तोंडाशी तळं साचायचं आणि त्यात आकाश दिसायचं. मला मनातून बरं वाटलं. आमच्या खात्यात साठा डोळ्यांना दिसला की सगळे निवांत होतात.

ऑपरेशन नीट झालं, पण नंतरच्या एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला नाही. मेव्हण्याचा आला. त्यांना ताप भरला होता. जखमेत काही झालं असेल अशी डॉक्टरांना शंका होती आणि घरी सोडणं पुढे ढकललं होतं. मेव्हणा एरवी बोलायला लागला की आवरत नाही. त्या दिवशी तो एवढंच बोलून थांबला. बायकोने विचारलं, तू जेवलास का, आणि फोन ठेवला. मुलगी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली, पण पान उलटत नव्हती. मी घाबरलो होतो. कुणाला काय म्हणायचं ते समजेना, आपण इथून काही करू शकत नाही हे तर सहनच होईना. मी उठलो आणि झारी भरून लिंबोणीला पाणी घातलं. थोड्या वेळाने परत घातलं. दुसऱ्यांदा झारी उचलली तेव्हा तिचा दांडा ओला होता आणि मुलगी पाण्याची रिकामी बाटली घेऊन बाल्कनीतून आत येत होती. तहान लागली होती, असं ती म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लिंबोणीने मग उरलीसुरली पानं सोडून दिली. कुंडीभोवती बारीक माश्या घोंघावू लागल्या आणि बंद पडलेल्या मोरीसारखा वास सुटला. नेमक्या त्याच दिवशी फोन आला, तो स्वतः सासूबाईंचा. ताप उतरला होता, जखम स्वच्छ होती, येत्या रविवारी मेव्हणा त्यांना गाडीने घेऊन येणार होता. बायको आनंदाने रडली. मग आम्ही तिघांनी बाल्कनीकडे पाहिलं आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्या घरात पाणी कमी असलेली तेवढी एकच जागा होती.

दुसरी लिंबोणी आणायची कल्पना माझीच. बायको म्हणाली, आईला फसवायचं? मी म्हटलं, याला फसवणूक म्हणत नाहीत, पर्यायी व्यवस्था म्हणतात. आमच्याकडे नळाला पाणी नसेल तर टँकर पाठवतात, आणि टँकरला कुणी फसवणूक म्हणत नाही. पण खरी अडचण वेगळी होती. नुकत्याच तापातून उठलेल्या बाईला, नवऱ्याने लावलेलं झाड मी बुडवून मारलं हे कसं सांगायचं? सगळ्यांना सोडून त्यांनी माझ्यावर सोपवलेलं झाड होतं ते.

नर्सरीवाल्याकडे बरोबर त्याच उंचीची लिंबोणी मिळाली. दोष एकच, ती फारच धडधाकट होती. पानं चकचकीत, फांद्या ताठ, आणि अंगभर लिंबं. आमच्या लिंबोणीचा स्वभाव इतका दाखवायचा नव्हता. शनिवारी दुपारी आम्ही तिघं तिच्याभोवती बसून तिची लिंबं उतरवली, पानं विरळ केली, आणि एक फांदी सुतळीने ओढून खाली वाकवली. नव्या कुंडीला चहाचं पाणी फासून मुलीने ती म्हातारी करून टाकली. झाल्यावर आम्ही लांब उभं राहून पाहिलं. बायको म्हणाली, दिसतेय तशी, पण ओळख देत नाही. मी सुतळी आणखी थोडी ओढली.

रविवारी सकाळी जुनी कुंडी खाली न्यायची होती. ती उचलायला गेलो तर हलेना. मी भरली टाकी कधी उचललेली नाही, पण तो अनुभव असाच असणार. शेवटी मी आणि मुलीने ती पायपुसण्यावर ठेवली आणि ओढत ओढत लिफ्टपर्यंत नेली. लिफ्ट सुरू झाली आणि कुंडीने आवाज केला. माझा लेप इतका पक्का होता की तो जागेवरच राहिला, बाकीची कुंडी त्याच्यापासून सुटली. सासूबाई गेल्यापासूनचं सगळं पाणी, गाळ, हिरवं औषध, असं एकदम बाहेर आलं. आमचे पाय घोट्यापर्यंत बुडाले आणि उरलेलं फटीतून खाली लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. दिवा लुकलुकला. तळमजल्यावर दार उघडलं, लिफ्टने एक उचकी दिली, आणि ती तिथेच कायमची थांबली.

सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. त्यांनी आधी फळ्यावर सूचना लावली आणि मगच माझ्याशी बोलले. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीला फोन मीच करायचा असं ठरलं. तिकडून एक बाई अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, संबंधित माणूस येऊन जाईल. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. हे वाक्य माझं आहे. मी ते रोज याच सुरात, याच सभ्यपणाने म्हणतो. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे मात्र मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्यानंतर मला खरी गोष्ट सुचली आणि मी जिन्याच्या पायरीवरच बसलो. आमचं घर चौथ्या मजल्यावर. सासूबाईंचा गुडघा नवा. आणि त्या वाटेत होत्या.

चिखल बादल्यांनी भरून काढता काढताच गाडी आली. मी जुन्या लिंबोणीचं मातीच्या गोळ्यासकट उरलेलं धूड कसंबसं जिन्याखाली सारलं आणि त्यावर चिखल पुसायला आणलेला जुना पलंगपोस टाकला. मेव्हण्याने आईला धरून आत आणलं. त्या वाळल्या होत्या. चेहरा लहान झाला होता, आणि हातात काठी होती. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर त्यांनी एकदा जिन्याकडे वर पाहिलं. ऑडिटरनी आपली आरामखुर्ची आणून दिली आणि त्यांना जिन्याजवळ बसवलं. पलंगपोस त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. बायकोने पाणी आणलं, मी उगाचच प्रवास कसा झाला म्हणून विचारत राहिलो. सासूबाईंनी ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली काय आहे?"

त्यांनी काठीच्या टोकाने पलंगपोस बाजूला केला. बिनपानांची, काळ्या गोळ्यातली लिंबोणी भिंतीला टेकून उभी होती. मी वर असलेल्या पर्यायी व्यवस्थेचा विचार केला आणि तो सोडून दिला.

"आई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही पेर घालून बघायला सांगितलं होतं. मी नुसतंच पाणी घालत गेलो. रोज."

"आणि तुम्ही एकट्यानेच हे एवढं केलंत?"

बायको म्हणाली, मीही घालत होते, हे कार्यालयात गेल्यावर. मुलगी म्हणाली, मीपण आजी, कॉलेजातून आल्यावर, बाटलीने. जिन्यात उभ्या असलेल्या शेजारच्या वहिनींनी घसा साफ केला. जाळीतून त्यांची रबरी नळी आमच्या कुंडीपर्यंत पोचते, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. प्रत्येकाला दुसरा विसरला असेल असं वाटत होतं. माझ्या कारकिर्दीतला सर्वात नियमित पाणीपुरवठा आमच्या बाल्कनीत चालू होता.

सासूबाई आमच्याकडे एकेक करून पाहत राहिल्या. त्या रडतील, असं मला वाटलं. त्या हसायला लागल्या. काठीवर हनुवटी टेकवून, खांदे हलवत, आवाज न करता.

"ही चौथी आहे," त्या म्हणाल्या. "आधीच्या तीन तुमच्या सासऱ्यांनी अशाच बुडवल्या. जिवाला काही लागलं की यांचे हात रिकामे राहायचे नाहीत. जावईबापू, तुम्ही माझ्या लेकीला बघायला आलात ना, त्या सकाळी दोन बादल्या ओतल्या होत्या यांनी. मी पाहिलं होतं. मग गुपचूप दुसरी आणायचे आणि मला म्हणायचे, बघ कशी टवटवीत दिसतेय. मीही म्हणायची, दिसतेय खरी."

माझ्या सासऱ्यांबद्दल मला फारसं माहीत नव्हतं. ते कमी बोलायचे आणि मला त्यांची भीती वाटायची. मला बघताना ते तिकडे लिंबोणी बुडवून आले होते, हे कळल्यावर ते मला एकदम जवळचे वाटले. मी मान खाली घालून वरच्या लिंबोणीचंही सांगून टाकलं, चहाच्या पाण्यासकट.

सासूबाईंनी खोडाला नख लावून थोडी साल काढली. खाली अगदी फिकट, पण हिरवं होतं. मग त्यांनी हुकूम सोडले. गाळ धुऊन काढायचा, काळी पडलेली मुळं कापायची, बुडाला भोकं असलेली कुंडी, वाळू मिसळलेली हलकी माती. झारी त्यांच्या खोलीत आणून ठेवायची.

वर न्यायचं म्हणजे खुर्चीसकट उचलण्याखेरीज इलाज नव्हता. खुर्ची पुढून मेव्हण्याने धरली, मागून मी, आणि ऑडिटर पुढे राहून वळणांवर सूचना देत होते. दुसऱ्या मजल्यावर मेव्हण्याला धाप लागली म्हणून आम्ही खुर्ची टेकवली. मेव्हणा खिडकीशी जाऊन उभा राहिला, बाकीचे थोडे पुढे गेले होते. सासूबाईंच्या पायावर शाल होती आणि ती धरलेली बोटं पांढरी झाली होती. इतके दिवस फोनवर आम्ही सगळे त्यांना झाडाचीच खुशाली देत होतो.

"आई, दुखतंय का?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीशी उभ्या लेकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "फार दुखतंय हो. तापात तर वाटलं, आता काही मी परत येत नाही. कुणाला सांगायचं? पोरगा आधीच घाबरलेला. म्हणून लिंबोणीचं विचारत बसायचे."

मी शाल नीट केली आणि आम्ही पुन्हा खुर्ची उचलली.

संबंधित माणूस पुष्कळ दिवसांनी येऊन गेला. तोवर सगळी इमारत जिने चढली आणि चढताना माझं नाव घेत राहिली. नवी लिंबोणी मी ऑडिटरना दिली. ते तिला सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या मिनिटाला पाणी घालतात. आता त्यांच्या खालच्यांनी तक्रार केली असून फळ्यावर नवी सूचना लागली आहे. जुनी मात्र बाल्कनीच्या कोपऱ्यात काठीसारखी उभी होती. रोज सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी मी आधी गुडघ्याची चौकशी करायचो आणि मग कुंडीत बोट घालायचो, नखांची पर्वा न करता. पाणी घालायचं की नाही ते सासूबाई ठरवायच्या. बहुतेक वेळा त्या मानेनेच नाही म्हणायच्या. मला ते फार जड जायचं. झारी त्यांच्या पलंगाखाली होती आणि ती मागण्याची आमची कुणाची छाती नव्हती. असंच चाललं असताना एक दिवस खोडावर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका आला. त्या रात्री बायकोने सगळ्यांना दोनदा गोड वाढलं.

परवा शहरातली मोठी जलवाहिनी फुटली. तक्रार निवारण कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. माझा फोन दुपारीच बंद पडला होता, आणि लोक इतके चिडलेले होते की दुसऱ्याचा मागून घरी कळवायचंही सुचलं नाही. घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि जेवण गरम करायला स्वयंपाकघरात गेली. मी बाल्कनीत गेलो.

सासूबाई लिंबोणीशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. काठी भिंतीला टेकलेली. मांडीवर निळी झारी होती, रिकामी.

"तुमचा फोन लागत नव्हता," त्या म्हणाल्या.

मी वाकून कुंडीत बोट घातलं. चांगली दोन पेरं ओली होती.